दोन डोळ्यांचा दारुमा

गुन्मा या जपानी डोंगराळ मुलखाबद्दल मला विचारा, मी तासभर बोलतो. तिथे मी कधी गेलेलो नाही, ही किरकोळ बाब आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बहरीनमध्ये एका जपानी कंपनीत मी पंप दुरुस्त करायचो. आमचे तनाका साहेब गुन्माचे. ट्रेनिंगसाठी एकाला तीन महिने जपानला पाठवायचं होतं आणि उमेदवार दोघेच, मी आणि रत्नागिरीचा इब्राहिम. साहेब मला आल्बम दाखवायचे. गरम पाण्याचे झरे (तसे उनकेश्वरलाही आहेत, पण तिथे एसटीने जातात, त्यात काय सांगायचं!), रेशमाचे हातमाग आणि सुरणाच्या भावकीतल्या कंदाच्या थुलथुलीत वड्या. साहेबांनी गावाहून आणलेली एक वडी मी खाल्लीही. पंपाचा वायसर चावल्यासारखं वाटलं, तरी "व्हेरी टेस्टी" म्हणालो.

सुट्टीहून येताना साहेबांनी मला दारुमा आणला. कागदाच्या लगद्याचा लाल, गोलमटोल, मिशाळ बाहुला. डोळ्यांच्या जागी नुसते पांढरे गोल. इच्छा धरून एक डोळा रंगवायचा, ती पुरी झाली की दुसरा. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात नवस बंद. पण हा नवस थोडाच, ही तर हस्तकला! मी दार लावून, मनात जपान म्हणत एक डोळा रंगवला. बायकोला, शोभाला, काही सांगितलं नाही. नवसाविरुद्धची भाषणं घरात मीच द्यायचो, आता कोणत्या तोंडाने सांगणार?

जपान पक्कं व्हावं म्हणून साहेबांना आमच्या सनाबिसच्या फ्लॅटवर जेवायला बोलावलं. शोभाने अकोल्याच्या पद्धतीचा मटणाचा रस्सा केला. साहेब डोळे पुसत जेवले आणि "व्हेरी टेस्टी" म्हणाले. (शब्द ओळखीचे वाटले.) मग त्यांची नजर टीव्हीवर ठेवलेल्या दारुमाकडे गेली. तो दोन्ही डोळ्यांनी आमच्याकडे बघत होता.

"हे कोणी केलं?" मी हळूच विचारलं.

"मी," शोभा म्हणाली. "पाहुण्यानं देल्लेला बुवा त्याच्यासमोरच काणा ठेवता काय? काजळ लावलं."

साहेब उठून कमरेत वाकले. अभिनंदन केलं. इच्छा कोणती होती, म्हणून विचारलं. जपान म्हणावं तर जपान झालंय कुठे? बायकोने उगीच रंगवला म्हणावं तर त्यांच्या भेटीचा अपमान. घाबरून मी ठोकून दिलं, फॅमिलीचा व्हिसा रिन्यू व्हावा ही इच्छा होती, आणि तो झाला!

साहेबांचे डोळे पुन्हा भरून आले, या वेळी रश्श्याशिवाय. म्हणाले, "फॅमिलीसाठी ज्याने डोळा रंगवला, त्याला तीन महिने फॅमिलीपासून तोडणार नाही. इब्राहिमला पाठवतो."

खलास.

साहेब गेल्यावर शोभापुढे सगळं ओकावं लागलं. मला तर रडूच येत होतं. ती शांतपणे भांडी उचलत म्हणाली, "बरंच झालं जी. या परक्या मुलखात तीन महिने मी एकटीनं काय केलं असतं? अन् नवस करू नये, हे तुम्हीच सांगत होते ना?"

इब्राहिम परतला तो माझ्यासाठी गुन्माचे फोटो घेऊन आणि त्या थुलथुलीत वड्यांची चार पाकिटं घेऊन. मला त्या फार आवडतात, असं साहेबांनी त्याला आवर्जून सांगितलं होतं.

वड्या माझ्या मलाच संपवाव्या लागल्या. फोटो मात्र अकोल्याला प्रत्येक सुट्टीत पाहुण्यांना दाखवतो, झऱ्यांसकट, हातमागांसकट. एकदा मेव्हण्याने विचारलं, यात तुम्ही कुठेच कसे दिसत नाही? मी म्हणालो, फोटो काढायला कोणीतरी लागतंच की!