मोठं चालू होईपर्यंत

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर नेवाशाच्या दूध डेअरीत गेलो. तिथं मी, मॅनेजर साहेब अन् क्लार्क हात मांडीखाली घेऊन बसलो. उभी फक्त आमची मंडळी. डेअरीतून रिटायर झाली तरी कॉम्प्युटर अडकला की डेअरीवाले तिलाच बोलवायचे. स्कूटरवर नेऊन सोडायचं काम माझं.

सगळ्या फायली मागच्या खोलीतल्या मोठ्या मशीनमध्ये. ते बंद पडलं की टेबलावरचे कॉम्प्युटर अर्ध्या कामात गोठायचे, अन् माणसं बटणं बडवायची. म्हणून तिचा नियम: मोठं चालू होईपर्यंत हात मांडीखाली.

"साहेब, तुमी मारलं तरी ते मरनार न्हाई. मोठ्याची वाट बघतंय. तुमी पन बघा."

साहेबांच्या नाकावर माशी बसली. त्यांनी नाक हलवलं, पण हात काढला नाही. अशी बाई तुमच्याही ऑफिसात असेल. नसेल तर सुखी आहात.

नियम उगाच नव्हता. मागं एकदा साहेबांनी रागानं पावतीचं बटण दाबतच ठेवलेलं. मोठं सुरू झालं तशी सोनईच्या एका म्हशीवाल्याची पावती कागद संपेस्तोवर निघत राहिली. गठ्ठा बघून तो म्हणाला, "म्हशीला दावू नका, लई चढंल ती."

घरी मी रुसून बसलो तर मलाही ती छेडायची नाही. भाकरी पुढं सरकवायची अन् कामाला लागायची. मी आपोआप बोलायला लागायचो. त्याचाच जास्त राग यायचा.

त्या संध्याकाळी डेअरीत मोठ्याचा पार्ट जळाला होता. नवा सकाळी नगरहून एसटीनं येणार होता. तिच्या जुन्या टेबलावरच्या कॉम्प्युटरात दिवसभराच्या दुधाचे, भाव ठरवणारे फॅटचे आकडे अडकलेले, अन् परत तपासावं तर नमुन्याच्या बाटल्या धुऊन टाकलेल्या. कुणी वायर उपटली तर गावोगावचे आकडे गेले. क्लार्कची फार चुळबुळ चाललेली.

"ऱ्हाऊ दे तसंच. सकाळी मी येते," ती त्याला म्हणाली.

घरी आली, जेवली, झोपली. उठलीच नाही.

सकाळी लेक पुण्याहून निघाली होती, तिच्यासाठी सगळे थांबलेले. मी चप्पल घातली. मेव्हण्यानं वाट अडवली. "दाजी, अशात कुठं निघाले?"

"डेअरीत. ते वायर उपटतील."

क्लार्क वायरीपाशीच उभा होता. मला बघून बाजूला झाला. मला त्यातलं काही कळत नाही. तिच्या खुर्चीत बसून राहिलो अन् कुणाला हात लावू दिला नाही. पार्ट आला, बसवला, मोठं घुमायला लागलं. जरा वेळानं पडद्यावरचे आकडे आपले आपण सरकले.

"आलं काका, सगळं आलं," क्लार्क म्हणाला.

मग मी घरी गेलो. तिला न्यायचं होतं.