पिशव्या सांभाळणारी

थोरलीला उंचीची भीती वाटते हे घरात कुणालाही ठाऊक नव्हतं. तिच्या नवऱ्यालासुद्धा नाही. माळ्यावरचा डबा काढायची वेळ आली की तिचा गुडघा दुखायला लागे. गच्चीवर कपडे वाळत घालायचे म्हटलं की नेमका तिला कामावर जायला उशीर झालेला असे. घरातले पडदे ती स्वतः शिवायची, पण ते टांगायला स्टुलावर नवरा चढायचा. आपल्याशिवाय हिचं पान हलत नाही, असं वाटून तो खूश असायचा.

ती एका तयार कपड्यांच्या दुकानात अल्टरेशनचं काम करत होती. दुकानाच्या मागच्या भागात, कपडे बदलायच्या खोल्यांना लागून तिचं मशीन होतं. मालकाने मध्यंतरी अर्धा मजला चढवला आणि तिला वर बसायला सांगितलं. वर उजेड चांगला होता. पण जिना लोखंडी आणि उघडा, पायऱ्यांमधून खालची फरशी दिसायची. ती म्हणाली, "माप द्यायला गिऱ्हाइकाने जिना कशाला चढायचा? वय झालेली माणसं येतात." मालकाला इतकं कौतुक वाटलं की त्याने दुकानातल्या पोरींना तिचा दाखला दिला. गिऱ्हाइकाची काळजी कशी असावी, तर अशी.

तिच्या भीतीला आयुष्यभर अशीच चांगली चांगली नावं मिळत गेली. सगळ्यात मोठं नाव मिळालं ते पार्कमध्ये.

दिराच्या कारखान्यातर्फे दर वर्षी एका रविवारी सगळ्या कुटुंबांना पार्कचे पास मिळत. पहिल्यांदा गेले तेव्हा दिराची बायको, धाकटी, नुकतीच लग्न होऊन घरात आली होती. सगळे आकाशपाळण्याच्या रांगेत उभे राहिले, आणि थोरलीने मान वर करून पाहिलं. पाळण्याचा सगळ्यात वरचा डबा ढगाला टेकल्यासारखा दिसत होता, आणि त्यातून कुणीतरी बाहेर वाकलं होतं.   मला भीती वाटतेय, हे शब्द अगदी ओठांवर आले होते, पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"तुम्ही जा सगळे. मी बसते आईंजवळ. पिशव्या कोण सांभाळणार?"

सासूबाईंचा चेहरा फुलला. त्या बाकावर एकट्या बसणार होत्या. आजूबाजूच्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "बघा, ही माझी थोरली." मग भीतीचं बोलणं राहून गेलं. इतक्या कौतुकावर पाणी कोण ओतणार?

धाकटी मात्र त्या दिवशी सगळ्या पाळण्यांत बसली. केस विस्कटलेले, गाल लाल, प्रत्येक वेळी पळत येऊन नवीन रांग दाखवायची. संध्याकाळी घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "एकीला घर कळतं, एकीला पाळणे." वाक्य चांगलं जमलं होतं, त्यामुळे ते टिकलं. भाजी करपली, दूध उतू गेलं, धाकटी माहेरी एक दिवस जास्त राहिली, की ते बाहेर निघायचं. थोरली तेव्हा मान खाली घालून सुईत दोरा ओवायची.

यंदा रविवार जवळ आला आणि तिची लेक कॉलेजमधून थेट दुकानात आली. मशीनवर कोपरं टेकून म्हणाली, "आई, पार्कमध्ये लॉकर केलेत. चपला, चष्मे, पर्स, सगळं आत. किल्ली मनगटात."

"बरं झालं," थोरली म्हणाली. तिचा पाय मशीनच्या पायडलवर थांबला होता.

"बरं झालं काय? या वर्षी तू सगळीकडे येणार. आम्ही ठरवलंय. बाबांनी, काकांनी, सगळ्यांनी. किती वर्षं तू नुसती बसलीस आमच्यासाठी."

"आजी एकटी पडेल."

"आजीच म्हणाली! म्हणाली, आयुष्यभर बसली बिचारी, आता तिला चढवा."

पँटची टीप वाकडी गेली. ती उसवून थोरलीने पुन्हा घातली, ती पुन्हा वाकडी गेली. शत्रूने ढकललं असतं तर पाय रोवून उभं राहता आलं असतं. इथे घरची सगळी माणसं मायेने ढकलत होती. गुडघ्याचं कारण सांगावं, तर नवरा बाम घेऊन मागे लागला असता. पोट बिघडल्याचं सांगावं, तर लेक म्हणाली असती की मग कुणीच जायला नको. खरं सांगावं? इतक्या वर्षांनी खरं सांगायला गेलं की आधी इतक्या वर्षांचा हिशोब द्यावा लागतो.

रविवारपर्यंत तिला धड जेवण गेलं नाही. नवऱ्याला वाटलं, आनंदाने असेल.

पार्कमध्ये लेकीने तिच्या खांद्यावरची पर्स काढून घेतली आणि लॉकरमध्ये टाकली. थोरलीचे हात मोकळे झाले. मोकळ्या हातांचं काय करायचं ते तिला सुचेना. सासूबाई नेहमीच्या बाकावर बसल्या, पदराने वारा घेत म्हणाल्या, "जा गं, पोरी. माझी काळजी करू नकोस." पन्नाशीकडे झुकलेली ती पोरगी रांगेत जाऊन उभी राहिली. पुढच्या डब्यात नवरा, दीर आणि लेक बसले. मागच्या डब्यात दोघी जावा. चालवणाऱ्याने लोखंडी दांडी आडवी लावली आणि खटकन पाळणा हलला.

थोरलीने डोळे धाकटीच्या कुर्त्याच्या शिवणीवर रोवले.

"ताई, आई बघा केवढ्याशा दिसतायत! टिकलीएवढ्या!"

"ही शिवण मीच घातली होती का गं? दोरा वेगळा वाटतोय."

"आत्ता शिवण काय बघताय?"

"शेवटी उलटी टीप घालायला हवी होती. उसवेल. काखेत ताण येतो ना, तिथूनच उसवतं. घरी गेल्यावर काढून दे, मी..."

खालच्या डब्यात माणसं भरायला पाळणा थांबला, तेव्हा त्यांचा डबा बरोबर माथ्यावर होता. वाऱ्याने तो हळूच पुढे झुकला आणि मागे आला. शिवण डोळ्यांपुढून हलली, तिच्या जागी नुसतं आकाश आलं. थोरली बैठकीवरून घसरली, डब्याच्या तळाशी उकिडवी बसली आणि धाकटीच्या पोटऱ्यांना तिने मिठी मारली.

"अगं बाई! ताई, काय होतंय? छातीत दुखतंय का?"

"नाही. तू वाकू नकोस. तू वाकलीस की हे हलतं."

"भीती वाटतेय तुम्हाला?"

थोरलीने तिच्या गुडघ्यावर कपाळ टेकवलं. ते हो होतं.

"आत्ता वाटायला लागली?"

"कायमच वाटते. स्टुलावर चढले तरी वाटते."

 डबा कुरकुरत होता. धाकटी सावकाश म्हणाली, "म्हणजे तुम्ही आमच्यासाठी बसत नव्हतात."

"सांगणार होते गं. आईंनी कौतुक केलं आणि राहून गेलं."

"राहून गेलं! ताई, मध्ये एका वर्षी मी म्हटलं होतं, मी बसते पिशव्यांजवळ, तुम्ही जा. आठवतंय? तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, नको गं, तू मजा कर, तुला आवडतं. आई कशा हसल्या होत्या."

"मी काय वाईट बोलले त्यात?"

"वाईट तुम्ही कधीच बोलत नाही. बोलणी मला बसतात."

  थोरलीला एवढंच कळलं की ज्या पायांना आपण धरलं आहे, ते धाकटीने मागे घेतले असते तरी तिचं चुकलं नसतं. धाकटीने पाय मागे घेतले नाहीत. फक्त आधारासाठी हातही दिला नाही.

"खाली गेल्यावर सांगते मी," थोरली म्हणाली. "सगळ्यांसमोर सांगते. तू फक्त हलू नकोस."

"वर सगळेच कबूल करतात," धाकटी म्हणाली.

पण थोरलीने शब्द पाळला. खाली उतरताच ती थेट बाकापाशी गेली आणि घोळ न घालता म्हणाली, "आई, मला उंचीची भीती वाटते. पहिल्यापासून वाटते. मी पिशव्यांसाठी बसत नव्हते, भीतीने बसत होते."

 नवरा खो खो हसला. "हिला भीती! ही मला घाबरत नाही, पाळण्याला काय घाबरणार!"

सासूबाई हसल्या नाहीत. त्यांचे डोळे भरून आले होते. "कळतं हो मला," त्या म्हणाल्या. "मी इथे एकटी बसलेय ते हिला बघवत नाही. म्हणून भीतीचं निमित्त. सोन्यासारखं माणूस आहे." आणि मग मागे उभ्या असलेल्या धाकटीकडे वळून, "तू बघून तरी शीक काही. तुला सुचलं का, सासू एकटी बसलीय म्हणून?"

धाकटीने थोरलीकडे एकदा बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, नुसती सवय होती. ती वळली आणि समोरच्या झुलत्या नावेच्या रांगेकडे चालू लागली.

थोरली उभी राहिली. सासूबाईंच्या शेजारची जागा रिकामी होती, तिच्यावर सावली होती. पायाखाली पक्की फरशी होती. तिने खरं सांगितलं होतं. आता कुणी मानलंच नाही, त्याला ती काय करणार? इतकी सोपी सुटका तिच्या वाट्याला पूर्वी कधी आली नव्हती. ती बसायला वाकलीसुद्धा. सासूबाईंनी तिच्यासाठी पदर आवरून घेतला, आणि तो आवरलेला पदर बघून तिला बसवेना.

"आले हं," असं म्हणून ती धाकटीमागे गेली.

नाव बाकाच्या बरोबर समोर झुलायची. एकदा इकडचं टोक आभाळात, एकदा तिकडचं. धाकटीने तिला रांगेत शिरताना बघितलं आणि भुवया वर केल्या. "ताई, कशाला? बसा तिथेच."

"टोकाला बसल्यावर चेहरा खाली आईंना दिसतो ना?"

"टोकाला जास्त झुलते. बसायचंच असेल तर मधे बसा."

"चेहरा दिसतो का, ते सांग."

"दिसतो," धाकटी म्हणाली. मग तिला कळलं. तिने काही न बोलता थोरलीचा हात धरला. 

नाव निघाली.  पहिल्याच झोक्याला आयुष्यभराच्या सवयीने थोरलीने ओठ घट्ट मिटले, चेहरा सरळ ठेवला. तिचा तोच चेहरा बघून तर लोक फसले होते. दुसऱ्या झोक्याला तिने तोंड उघडलं. सगळेच ओरडत होते, पण मजेने. तिच्या ओरडण्यात मजेचा लवलेश नव्हता.

"आईऽ! मला भीती वाटतेय होऽ! तेव्हाही वाटत होतीऽ!"

"अजून जोरात," धाकटी कानाशी म्हणाली. "त्या कानामागे हात धरतायत."

"धाकटीने मला विचारलं होतंऽ! ती बसणार होती पिशव्यांजवळऽ! मीच नाही बसू दिलंऽ!"

नाव वर गेली, थांबली, कोसळली. ओढणी उडून तोंडावर आली, डोळ्यांतून नाकातून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायला थोरलीचा एकही हात मोकळा नव्हता. खाली नवरा धावत चालवणाऱ्याकडे निघाला होता. त्याच्या तोंडावरचं हसू गेलं होतं. सासूबाई बाकावरून उठून उभ्या राहिल्या होत्या. नाव त्यांच्यासमोरून गेली तेव्हा त्यांनी थोरलीकडे बघितलं, आणि परत आली तेव्हा त्या धाकटीकडे बघत होत्या. तिच्याकडे असं निरखून त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

"ऐकलं का गं त्यांनी?" थोरलीने डोळे गच्च मिटून विचारलं.

"ऐकलं."

"मग थांबवायला सांग ना आता!"

"झोके पूर्ण झाल्याशिवाय नाही थांबत ती," धाकटी म्हणाली, आणि तिने दुसरा हातही थोरलीच्या खांद्याभोवती टाकला. "धरा मला, ताई. वर चाललोय."