वाजाकडला माणूस

लग्नाला गेलेल्या माणसाला पहिला प्रश्न ठरलेला असतो: तुम्ही कुणाकडचे, नवरीकडचे का नवरदेवाकडचे? ब्राह्मणपुरीच्या छगन पाटलाला हा प्रश्न शंभर मांडवांत विचारला गेला असेल आणि शंभर वेळा त्यानं एकच उत्तर दिलं.

"मी वाजाकडला."

वाजा म्हणजे बॅण्ड. आमच्याकडे बॅण्डला वाजाच म्हणतात. छगनला ना नवरीचं नाव ठाऊक असायचं, ना नवरदेवाचं गाव. नवापूरच्या डोंगरपट्ट्यातला अब्राहामचा वाजा त्या लग्नात आहे एवढं कळलं की हा पठ्ठ्या सायकलवर टांग टाकून हजर. पारावर बसायचं, डोळे मिटायचे, मान हलवत ऐकायचं. वाजा थांबला की धोतर झटकून घरचा रस्ता धरायचा. यजमान हात धरून पंगतीला बसवू लागले तरी बसायचा नाही. "जेवण मन्हा घर शे," म्हणायचा, "हाई नही ना घर." जेवण घरी मिळतं, हे घरी मिळत नाही. आता अशा माणसाला काय बोलावं!

हे खूळ लागलं एकावन्न साली. छगन तेव्हा तिशीचा. बैल बघायला अक्कलकुव्याच्या बाजाराला गेला होता. तिथं एका वरातीपुढे सात-आठ जणांचा वाजा चालला होता. कपडे यथातथाच, दोघांच्या पायांत चपला नव्हत्या. पुढे क्लॅरिनेटवर अब्राहाम, काळासावळा, किडकिडीत. बाजूला गळ्यात ढोल अडकवलेला दलपत. त्या वर्षी पोरासोरांच्या तोंडी असलेलं एक गाणं त्यांनी धरलं. सरळ वाजवलं, पुन्हा सरळ वाजवलं. तिसऱ्या खेपेला मात्र अब्राहामनं ते गाणं सोडलंच की! कुठल्या कुठे गेला. दलपत ढोलावर त्याच्या मागे, बाकीचे त्या दोघांच्या मागे. वऱ्हाड बाजारात तसंच खोळंबलेलं. नवरदेवाचा मामा ओरडतोय, चला, चला. पण पाय कुणाचा उचलेल तर शपथ. बऱ्याच वेळानं, आता हे गाणं काही परत येत नाही असं वाटत असताना, अब्राहाम अलगद मूळ चालीवर उतरला आणि छगनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. बैल घ्यायचा राहिला तो राहिलाच.

ह्या प्रकाराला छगननं स्वतःच नाव ठेवलं, आडवाट. अब्राहाम आडवाटेला लागला, अब्राहाम आडवाटेनं परत आला. घरातल्या पंचांगाच्या कडेला तो बारीक अक्षरात टिपून ठेवायचा. 'प्रकाशा. आडवाट दोनदा. दुसरी फार लांब.' 'अक्कलकुवा. ढोल ढिला, ऊन फार.' आणि एकदा नुसतंच: 'काय सांगू.' दर खेपेला आडवाट वेगळी. तेच गाणं, तीच माणसं, पण काल गेले त्या वाटेनं आज जाणार नाहीत. लोकांना वाटे, एकच वाजा पुन्हा पुन्हा काय ऐकतो हा? अरे बाबांनो, तो एकच नसायचा, हेच तर त्याला कळलं होतं आणि तुम्हाला नव्हतं.

बायको तापीबाई आधी रडली, मग चिडली, मग टोमण्यांवर आली. "तुम्हनं लगीन मन्हासंगे लागनं का वाजासंगे?" तो निर्लज्जासारखा हसायचा. एक सांगतो, कापसाच्या वेचणीत किंवा केळीला पाणी भरताना त्यानं कधी कुचराई केली नाही. लग्नाचे मुहूर्त उन्हाळ्यात असतात आणि उन्हाळ्यात शेतकरी मोकळा असतो, हे देवानं आपल्याच सोयीसाठी केलंय अशी त्याची खात्री होती.

अब्राहामशी बोलणं मात्र फारसं नाही. राम राम, बस. एकदाच दलपत त्याच्या कानाशी येऊन म्हणाला, "पाटील, तुम्ही नसाल ना, तर हा लवकर परत फिरतो. वाजवायच्या आधी तुम्हाला शोधतो." ते ऐकून छगन घरी आला तो चार दिवस हवेत. तापीबाईला वाटलं ताप चढला.

चौसष्ट साली त्याच्या मुलीचं, रंजनाचं लग्न ठरलं. एकुलती एक पोर. बापाच्या गुणगुणण्यावर वाढलेली, शेतात निंदताना त्याच्याच चाली तोंडात घोळवणारी. स्थळ गुजरातच्या हद्दीजवळचं, नवरदेवाचा बाप बन्सीलाल मोठा हौशी गृहस्थ. आमच्यात वाजा आणायचा तो नवरदेवाच्या बाजूनं. नवरीच्या बापानं त्यात तोंड घालायचं नसतं. तरी सुपारी फुटायच्या वेळी छगननं हात जोडले.

"मन्हं काही मांगणं नही. फक्त वाजा नवापूरना लया."

"वाजूं? नवापूरनुंच!" बन्सीलालनं मांडीवर थाप मारली. "पक्कं!"

झालं! छगननं गावभर डांगोरा पिटला. अब्राहाम माझ्या दारात वाजवणार. तेरा वर्षं मी त्याच्यामागे हिंडलो, आता तो माझ्या दारी येणार. चैत्रात बाजाराला दलपत भेटला तेव्हा त्यानं विचारलंही, अमक्या दिवशी तुम्ही कुठे? दलपत म्हणाला, त्या दिवशी तुमच्याच बाजूला आहोत. छगनला आणखी काय हवं होतं? पुढे विचारायचं सुचलंच नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी वऱ्हाडाच्या गाड्या शिवेवर दिसल्या. छगन नवं उपरणं सावरत सगळ्यांच्या पुढे धावला. मागं अर्धं गाव. गाड्या जवळ आल्या. वऱ्हाडी दिसले, नवरदेव दिसला, क्लॅरिनेट कुठे दिसेना. शेवटच्या गाडीत एक लाकडी पेटी, एक बॅटरी आणि धोत्र्याच्या फुलासारखा एक भलामोठा भोंगा. शेजारी डोक्याला तेल चोपडलेला एक माणूस. त्यानं हँडल फिरवलं, सुई टेकवली आणि भोंग्यातून कुणी बाई गाऊ लागली.

"काय व्याही," बन्सीलाल खुशीत ओरडला, "थाळीवाजूं! खास नवापूरथी मंगाव्युं!"

आता कळलं का? गुजरातीत ग्रामोफोनला थाळीवाजूं म्हणतात. त्यांच्याकडे नुसतं वाजूं म्हटलं तरी हल्ली तेच समजायचे. बिचाऱ्यानं शब्द तंतोतंत पाळला होता. मागितला तो वाजा, सांगितलं त्या गावचा. आणि अब्राहाम खरंच त्या दिवशी ह्याच बाजूला होता, दीड कोसावरच्या दुसऱ्या गावात, दुसऱ्याच्या लग्नात. वारा तिकडून आला की दलपतच्या ढोलाचा दबका आवाज ब्राह्मणपुरीत ऐकू येत होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं छगनला.

मागून कुणीतरी फिसकन हसलं. छगननं व्याह्याच्या गळ्यात हार घातला, तोंडभर हसला आणि घरात येऊन कणगीच्या आड उभा राहिला. तापीबाई तिथं आली. तिला वाटलं, आता हा सायकल काढतो. "आज मांडवना बाहेर पाय टाका ते देखा!" ती दात-ओठ खात म्हणाली. मग त्याचा चेहरा बघितला आणि तिनं स्वतःच्या पदरानं त्याचं कपाळ पुसलं. तेरा वर्षांत ह्या बाबतीत तिनं दाखवलेली ती पहिली माया.

दुपारची पंगत उठली. मुहूर्त गोरजाचा. थाळीवाजेवाला, त्याचं नाव नवल, पोटभर जेवून चिंचेखाली घोरत पडला. त्याची पेटी भोंग्यासकट मांडवात मांडून ठेवलेली, पण थाळ्यांचा, म्हणजे रेकॉर्डींचा, खोका गाडीतच होता, उघडाच. गाडी सकाळी निंबाच्या सावलीत सोडली होती. सावली काय एका जागी थांबते? तीनच्या सुमाराला गाडी भर उन्हात आली. वैशाखातलं तापीकाठचं ऊन! घागर हाताला चटका देते तिथं लाखेच्या थाळ्यांची काय कथा.

खोटं कशाला बोला, छगननं ते बघितलं होतं. पाण्याचा हंडा घेऊन तो गाडीच्या अंगावरून गेला. वरची थाळी कडेला जरा ओशाळल्यासारखी वाकलेली त्याला स्पष्ट दिसली. नवलला हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. हंडा ठेवून दुसऱ्या वाटेनं आत गेला. मरू दे, म्हणाला मनात. भल्या माणसाच्या मनातही असलं काहीतरी दबा धरून बसलेलं असतं, त्याला काय करणार!

ऊन उतरलं. अंतरपाट धरला. भटजींनी शेवटचं मंगलाष्टक म्हटलं, सावधान झालं, अक्षता पडल्या आणि आरोळी उठली, "वाजवा रे वाजवा!"

नवलनं सुई टेकवली. भोंग्यातून असा आवाज निघाला की गोठ्यातली म्हैस दावं तोडायला बघू लागली. थाळी गरगरताना खालीवर नाचत होती, सुई उडून पडत होती. त्यानं दुसरी लावली. तीही तशीच. तिसरी. पोरं खिदळली, मग तीही गप्प झाली. सगळा मांडव चिडीचूप. लग्न लागलं आणि वाजा नाही! म्हाताऱ्या बायांच्या माना एकमेकींकडे वळल्या. मुकं लग्न, कुणीतरी पुटपुटलं. बन्सीलालचा हौशी चेहरा पार उतरला, रडवेला झाला. आणि मुंडावळ्यांच्या आडून रंजना बापाकडेच बघत होती.

भोंग्याची जिरावी एवढंच छगनला हवं होतं. जिरली कुणाची? पोरीची. सोन्यासारख्या पोरीच्या डोक्यावर अक्षता पडल्या त्या मसणवटीसारख्या शांततेत, आणि ही करणी त्याचीच, सख्ख्या बापाची.

मग त्यानं जे केलं ते ब्राह्मणपुरीत अजून सांगतात. त्यानं डोळे मिटले, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि भर मांडवात क्लॅरिनेट वाजवायला लागला. तोंडानं. पँ पँ पपँ पँ. साक्षात नवरीचा बाप! तीनशे माणसं आधी अवाक्, मग हास्याचा स्फोट. तो थांबला नाही. एका हातानं मांडीवर ढोल, तोंडात क्लॅरिनेट. अक्कलकुव्याच्या बाजारात ऐकलेलं गाणं त्यानं सरळ वाजवलं, पुन्हा सरळ वाजवलं. त्याची म्हातारी आत्या दगूबाई तरातरा उठली, परात उलथी केली आणि उलथन्यानं ठेका धरला. बायांनी टाळ्या धरल्या. हसू कधी विरलं कळलं नाही.

आणि तिसऱ्या खेपेला छगननं गाणं सोडलं. आधी प्रकाशा गावची आडवाट घेतली, तीच, पंचांगात टिपलेली. ती संपली. पुढे पाठ केलेलं काही नव्हतं. तेरा वर्षं नुसता ऐकणारा माणूस, पुढचा सूर कुठून आणणार? पण थांबला असता तर मांडव पुन्हा मुका झाला असता. म्हणून गेला पुढे, अंधारात पाय टाकावा तसा, आणि पाय टेकला. मग दुसरा टाकला. छगनला भीती उरली नाही. अब्राहामच्या छातीत काय होत असेल ते त्याला तेव्हा कळलं. बन्सीलालनं टोपी उडवली आणि नाचायला लागला. नवलही नाचला, लेकाचा! कितीतरी वेळानं, घसा पार फाटलेला असताना, छगन मूळ चालीवर परत आला. तेव्हा मांडवात जो कल्ला झाला तो दीड कोसावर गेला असेल.

त्याची कीर्ती पावसाळ्याआधीच नवापूरपर्यंत पोचली. पुढल्या मोसमात अब्राहाम आपणहून त्याच्याजवळ आला. "पाटील, ती तुमची आडवाट जरा ऐकवा की." छगननं पुष्कळ आठवून पाहिलं. एक सूर आठवेना. "गेली," तो म्हणाला. अब्राहामनं मान डोलावली. "माझ्याही जातात," म्हणाला.

पण ते पुढचं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रंजनाची गाडी जुंपली. तापीबाई मुलीच्या गळ्यात पडून रडली, आत्या रडली. छगन जवळ गेला. बसलेल्या घशातून आवाज फुटेना. जे बोलायचं ते रात्रभर उरात रुतून बसलेलं होतं आणि ते न बोलता पोरीला सासरी धाडणं त्याला जमणार नव्हतं. गादी सारखी करतोय असं दाखवत तो वाकला.

"रंजना, त्या थाळ्या उनमा पडेल व्हत्यात. मी देखेल व्हत्यात, बेटा. तरी बोलनू नही."

रंजनानं पदराआडून पाहिलं. रडून डोळे सुजले होते.

"मी बी देखेल व्हत्यात, आबा," ती हळूच म्हणाली. "माडीवरथून. तुम्हना बी आधी."

बैल हलले. छगननं डोळ्यांना लावायला उपरणं उचललं होतं, ते तोंडावर दाबून धरावं लागलं, कारण पाठवणीच्या वेळी नवरीच्या बापानं हसायचं नसतं.