तीन बॅटऱ्या आणि एक दावं

मानवत रोड स्टेशनवर मी सकाळी उतरले तेव्हा माझ्या बॅगेत तीन साड्या, ब्लड प्रेशरच्या गोळ्या, एक जाड वही आणि ईशानने पाठवलेला टॉर्च होता. टॉर्चचा सेल काढून मी प्लास्टिकच्या डबीत वेगळा ठेवला होता. लिथियमच्या सेलची टोकं किल्ल्यांना किंवा नाण्यांना लागली तर तो तापतो आणि पेटूही शकतो. रात्रभर डबी उशाशी होती. समोरच्या बर्थवरच्या बाईंनी दागिने असावेत असं समजून मला दोनदा "सांभाळा हं" म्हणून बजावलं. मी सांभाळलं.

अन्वी, ईशान, मी कशासाठी गेले ते आधी सांगते. तुमचे बापूआजोबा म्हणजे माझा धाकटा भाऊ. पोखर्णीच्या अलीकडे त्याचं सहा एकर रान (शेत) आहे. तिकडे शेतीच्या पंपाला आठवड्यातले काही दिवस वीज फक्त रात्री येते आणि आठ तास राहते. त्या आठ तासांत दारं धरायची, म्हणजे पाटाने आलेलं पाणी एकेका वाफ्यात सोडायचं आणि वाफा भरला की त्याचं तोंड मातीने बंद करायचं. दिवाळीनंतर एका रात्री दारं धरताना बापूची बॅटरी मध्येच विझली आणि त्याचा पाय पडला तो घोणशीपासून वीतभर अंतरावर. घोणस हा फार विषारी साप. ती फुसकारली म्हणून कळलं.

दुसऱ्या दिवशी त्याची बायको कुसुम हिने अट घातली. संक्रांतीच्या आत आठ तास टिकणारी बॅटरी आणायची, नाहीतर रान शेजारच्या दिगंबरला बटईने (कसणारा तो, पीक निम्मं-निम्मं) द्यायचं. बापूने आजवर आपलं रान दुसऱ्याच्या हाती दिलेलं नाही. त्याने मला फोन केला. "आक्का, तू कॉलेजात फिजिक्स शिकलीस ना?"

ते शिकून पन्नास वर्षं झाली. पण असं विचारल्यावर नाही म्हणता येत नाही.

एक सांगायचं राहिलं. इथे टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि आतल्या बॅटरीला सेल. पुढे मीही तसंच लिहिते.

बापू कापूस घेऊन मानवतला आला होता. बाजाराजवळच्या टपरीवर आम्ही सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांना फोडणी देऊन करतात) खाल्ला. मी घास गिळायच्या आत त्याने पिशवीतून एक हातभर लांब काळी बॅटरी काढली. सकाळीच घेतली होती. तिच्यावर 'दोन किलोमीटर' असं छापलेलं होतं.

आतला सेल मी काढून पाहिला. त्यावर ९९०० असा आकडा होता. मुलांनो, या मापाच्या सेलला १८६५० म्हणतात. अठरा मिलिमीटर जाडी, पासष्ट मिलिमीटर लांबी, आणि शेवटचं शून्य म्हणजे तो गोल नळीसारखा आहे. एवढ्या जागेत साडेतीन हजार मिलिअँपिअर-तासांच्या आसपासच वीज मावते. नऊ हजार नऊशे लिहायला मात्र जागा पुरते.

आम्ही दुकानात परत गेलो.

"आजी, कंपनीनं लिवलंय ते. मी न्हाई लिवलं," दुकानदार म्हणाला.

"चांगला सेल साधारण पंचेचाळीस ग्रॅमचा असतो. हा हलका लागतोय."

"हलकं असलेलं बरंच की. हात दुखत न्हाई."

शेजारी सराफाचं दुकान होतं. मी आत जाऊन सेल काउंटरवर ठेवला. सराफाने तो चष्मा वर करून पाहिला, मग चष्मा खाली करून पाहिला.

"माय, हे सोनं न्हाई."

"ठाऊक आहे. वजन करा."

काटा सव्वीस ग्रॅमवर थांबला. मग मी डबीतला ईशानचा सेल ठेवला. तो २१७०० मापाचा, म्हणजे जरा जाड आणि लांब. काटा सत्तर ग्रॅमवर गेला. सराफाला त्याच्याबद्दल आदर वाटलेला दिसला. त्याने तो दोन्ही हातांनी परत दिला.

बापूने तरीही काळी बॅटरी परत केली नाही. दोन किलोमीटर सोडवेनात.

टेम्पोतून परभणीमार्गे पोखर्णीकडे निघालो. दोन्ही बाजूंनी तूर, हरभरा, मध्येच हळदीची पिवळी पडलेली पानं. परभणीच्या अलीकडे टेम्पो पंक्चर झाला आणि आम्ही बांधावर बसलो. बापू लांब बोट दाखवून म्हणाला, "बघ आक्का, कापूस कसला फुटलाय."

थोड्या वेळाने तो कापूस उडून गेला. बगळे होते. उन्हाकडे तोंड असल्यामुळे असं झालं असणार असं मला वाटलं. मी वहीत नोंद केली नाही.

घरी कुसुमने गरम भाकरी, हरभऱ्याच्या पाल्याची भाजी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा वाढला. जेवण झाल्यावर तिने ताटाच्या जागी तीन बॅटऱ्या मांडून घेतल्या. पहिली बापूची जुनी, खांद्याला अडकवायची, आत शिशाचा जड सेल असलेली. दुसरी मानवतची. तिसरी ईशानची, चष्म्याच्या घराएवढी.

"ही?" ती ईशानच्या बॅटरीकडे पाहून म्हणाली. "ही तर हरवायच्याच कामाची दिसायलीय."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता ज्वारीच्या पोत्यांच्या खोलीत मी तिन्ही बॅटऱ्या एकदम लावल्या. ईशानची मधल्या प्रकाशावर ठेवली. सर्वांत मोठ्या प्रकाशावर ती काही मिनिटांतच इतकी तापते की आपला उजेड आपणच कमी करते. दर अर्ध्या तासाला पाहून नोंद करायची असं ठरवलं. बाहेर लख्ख ऊन होतं. शेजारची म्हातारी दारातून डोकावली.

"माय, दिवसाढवळ्या बत्त्या लावून काय करायलाव?"

"विझायची वाट बघतोय," कुसुम म्हणाली.

म्हातारीने थोडा वेळ आमच्याबरोबर वाट पाहिली आणि मग निघून गेली.

मानवतची बॅटरी एका तासात पिवळी पडली आणि वीस मिनिटांनी गेली. बापूने तिला दोनदा हातावर आपटलं. शिशाची दोन तास दहा मिनिटं टिकली. ईशानची जळत राहिली. आम्ही जेवलो, मी थोडी पडले, बापू दर दहा मिनिटांनी खोलीत जाऊन यायचा. पाच वाजले, आठ तास पूर्ण झाले. सहा वाजून पाच मिनिटांनी ती मंद झाली.

"नऊ तास पाच मिनिटं," मी वाचून दाखवलं.

बापूने कुसुमकडे पाहिलं. कुसुमने भांडी आत नेली. तिला तोंडाने हरायला आवडत नाही हे मला ठाऊक आहे.

सगळे सेल रात्रभर चार्ज केले. दुसऱ्या दिवशी दिवस मावळल्यावर बापूने तिन्ही बॅटऱ्या रानात नेल्या. उजेड लांब पोचतो का हे पाहिल्याशिवाय इथे कोणी बॅटरीला बॅटरी म्हणत नाही. दिगंबरही आला. रान बटईला मिळणार की नाही हे याच्यावर ठरणार होतं, तेव्हा त्याने येणं रास्त होतं. गावची पाण्याची टाकी हे निशाण ठरलं. मानवतच्या बॅटरीचा झोत थेट टाकीवर गेला, पुरीएवढा. ईशानच्या बॅटरीचा उजेड शंभर पावलांवरच पसरून संपला.

"मानवतचीच भारी," दिगंबर म्हणाला.

"एक तासच चालती, पण चालती तंवर टाकी दिसती की," बापू म्हणाला.

कुसुम मागे उभी होती. "साप काय टाकीवर चढून बसायलाय व्हय?"

कुसुमने पदराखालून बैलाचं जुनं दावं (बांधायची दोरी) काढलं, हरभऱ्याच्या कडेच्या पायवाटेवर अंधारात कुठंतरी टाकलं आणि परत आली.

"आता चाला इथनं तिथवर. दावं दिसलं की थांबा."

बापू मानवतची बॅटरी घेऊन निघाला आणि दाव्यावर पाय देऊन पुढे गेला. दिगंबर मोठ्याने हसला. कुसुमने जागा बदलली. जुनी बॅटरी घेऊन बापू दावं ओलांडून गेला. दिगंबर पुन्हा हसला. मग ईशानची. पायांपुढची जमीन पांढरीशुभ्र झाली, ढेकूळ न् ढेकूळ दिसत होतं. मी दहा पावलं मागून चालत होते आणि मला दावं नीट दिसत होतं. बापूची टाच बरोबर त्याच्यावर पडली.

या वेळी दिगंबर हसला नाही.

"बापू, तुला दावं दिसलं नाही?" मी विचारलं.

"दिसलं की. पाय उचलल्यावर."

"अहो, एवढ्या उजेडात?" कुसुम म्हणाली.

"मातीच्याच रंगाचं हाय ते."

"मग साप काय गुलाबी असतोय?"

बापूने बॅटरी डाव्या हातातून उजव्या हातात घेतली, पुन्हा खाली उजेड पाडला आणि वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. टेकायला काही मिळालं तर बरं, असा तो उभा होता. आपल्याला दिसत नाही हे त्यालाही त्याच वेळी कळलं असावं.

दिगंबर पुढे झाला. दावं उचलून त्याने गुंडाळी केली. "बापू, आदी डोळे दाखवा. रान कुटं पळून जायलंय? तुमी नीट होईपर्यंत तुमच्या पाण्याच्या पाळीला मी येतो. माझी गव्हाची कापणी आली की तुमी या. सावड धरू." सावड म्हणजे मी तुझ्या रानात राबतो, तू माझ्या रानात राब. तिथे पैशाचा विषय नसतो आणि रान ज्याचं त्याचंच राहतं.

"आन् बटई?" कुसुमने विचारलं.

"वहिनी, आंधळ्याचं रान घेतलं म्हनतील लोकं मला," दिगंबर म्हणाला. "मग मला रोज ऐकावं लागंल."

"आंधळा कोण हाय रं?" बापू म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही परभणीला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी बापूच्या डोळ्यांत लहानशा बॅटरीचा उजेड टाकला. दोन्हीकडे मोतीबिंदू होता, उजवा पूर्ण पिकलेला.

"कधीपासून कमी दिसतंय?" त्यांनी विचारलं.

"कमी न्हाई दिसत. बॅटऱ्याच मंद यायल्यात बाजारात," बापू म्हणाला. मग त्यांच्या हाताकडे पाहून, "ह्यात कंचा सेल हाय?"

"पेन्सिल सेल. दोन."

"आमच्याकडं एकवीस हजार सातशेचा हाय. सत्तर ग्रॅम."

डॉक्टरीणबाईंनी उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुढच्या आठवड्यातला वार दिला. बाहेर आल्यावर कुसुमने विचारलं की, मग त्या रात्री बॅटरी विझली नसती तरी घोणस दिसली नसती ना? बापूने ऐकलं नाही असं दाखवलं. त्याचे कान उत्तम आहेत.

त्याच रात्री पाण्याची पाळी होती. जेवण उरकून तिघं निघाले. पुढे कुसुम ईशानची बॅटरी घेऊन, मागे फावडं खांद्यावर टाकून दिगंबर आणि सर्वांत मागे बापू, ज्याला कोणीच बोलावलेलं नव्हतं. थोड्या वेळाने लांबून त्याचा आवाज आला. वाफ्याचं तोंड कसं मोडायचं ते तो दिगंबरला सांगत होता. दिगंबर तीस वर्षं शेती करतो.

मी परभणीहून गाडी धरून पुण्याला आले. घरी येऊन वही उघडली. वजनं, वेळा, झोताची लांबी, सगळं व्यवस्थित आहे आणि एकही आकडा चुकलेला नाही. तरी आम्ही चौघं मोठी माणसं दोन दिवस बॅटऱ्या तपासत होतो आणि त्या धरणाऱ्या माणसाचे डोळे तपासायचं आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. कुसुमलाही नाही. तिला दावं टाकायचं सुचलं, एवढंच. मी शिकलेली, आणि बगळे उडाले तेव्हा उन्हाचा विचार करत बसले. मला याचं वाईट वाटतं.

ईशान, तुझी बॅटरी पास झाली. आणखी पाठवू नकोस. पुढच्या गुरुवारी बापूआजोबांच्या डोळ्यावरची पट्टी निघेल. त्या दिवशी तुम्ही दोघं त्यांना व्हिडिओ कॉल करा आणि चेहरा उजेडात ठेवा. ते म्हणतील, मला आधीही सगळं दिसत होतं. त्यांना हो म्हणा.