वाघोबाच्या माळावरचा हॉर्न

देवाने हाक ऐकली असं कोणी सांगितलं, की मी मनात म्हणायची, बरं बाई, तुझी ऐकली असेल. मी पाड्यावरची अंगणवाडी सेविका, पावसाळ्यात पाडा तुटला की देवाला हाका मारून मारून थकलेली. पण यंदा भाताच्या आवणीत, रोपं लावताना, भरदुपारी, ह्यांच्या पायाला नाग डसला आणि माझी ती भाषा गेली.

आधी मागची गोष्ट सांगते. पोशेऱ्याकडचा आमचा पाडा नकाशात नव्हताच. शहरातली काही मंडळी आपापली नोकरी सांभाळून, एक पैसा न घेता, उपग्रहाच्या फोटोंवरून अशा पाड्यांची घरं आणि वाटा कॉम्प्युटरवर काढतात. संकटात मदत पोचावी म्हणून. नावं मात्र गावच्या माणसांना विचारतात. त्यांच्यातल्या एका मुलीचा मला फोन आला, की पाड्याच्या मधोमध उभं राहून लोकेशन पाठवा. मी वाघोबाच्या माळावरून पाठवलं. आमच्यात गाव सुरू होतं ते शिवेवरच्या वाघोबापासून. पाहुणासुद्धा आधी तिथे हात जोडतो, मग घरी येतो. मुलगी चाचरत म्हणाली, इथे तर एकही घर दिसत नाही. मी म्हटलं, देव आहे ना, घरं खाली उतारावर आहेत. तिने ऐकलं आणि पाड्याचं नाव माळावरच लिहिलं. माळावर येणारी बैलगाडीची जुनी वाटही काढली. हे मात्र पोट धरून हसले. म्हणाले, "देवाला गं कशाला पत्ता?"

त्या दुपारी रुग्णवाहिकेला फोन लावला, पाड्याचं नाव सांगितलं आणि रेंज गेली. ह्यांना घोंगडीच्या डोलीत घालून आम्ही डांबरी रस्त्याकडे निघालो, तर ओढ्यावरचा पूल पाण्याखाली. पलीकडे चिटपाखरू नाही. ह्यांच्या पापण्या मिटायला लागलेल्या. मला नवससुद्धा सुचेना. माळाकडे तोंड केलं आणि म्हटलं, "बाबा, माझ्या हातात आता काही नाही. तूच बघ."

तेवढ्यात मागून, माळाच्या अंगाने, हॉर्न ऐकू आला. त्या वाटेने गाडी येईल हे कोणालाच खरं वाटेना, तरी आम्ही डोली वळवली. वाघोबाच्या दगडाशी रुग्णवाहिका उभी! ड्रायव्हर परगावचा, या भागात नवाच.

"ताई, फोनने इथवर आणलं," तो म्हणाला. "घरं दिसेनात, म्हणून हॉर्न वाजवत बसलो."

ती जुनी वाट ओढा टाळून वरच्या अंगाने येते. पाड्याचं नाव घरांच्या मध्ये लिहिलेलं असतं, तर त्याच फोनने त्याला पुलाच्या पलीकडे नेऊन उभं केलं असतं.

जव्हारच्या दवाखान्यात वेळेवर इंजेक्शनं मिळाली. दुसऱ्या दिवशी ह्यांनी डोळे उघडून चहा मागितला, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला आणि मी ढसाढसा रडले. त्या मुलीला फोन करून सगळं सांगितलं. तेव्हा ती म्हणाली, वाट आहे की ओहोळ, हे तिला फोटोत नीट कळतही नव्हतं. मी सांगितलं म्हणून तिने काढली. तिने आमचा पाडा पाहिलेला नाही, मी तिचं तोंड पाहिलेलं नाही. हे कोणी घडवलं, यावर मी वाद घालत नाही. आपण चुकतमाकत आपल्यापुरतं करावं आणि पुढचं त्याच्यावर सोडावं, एवढं मला कळलं.

दिवाळीच्या तोंडावर, वाघोबाच्या सणाला, वाघबारशीला हे काठी टेकत माळावर आले. नारळ फोडला, प्रसाद वाटला आणि एक तुकडा पानावर वेगळा ठेवला. हा कोणाचा, मी विचारलं.

"त्या पोरीचा," हे म्हणाले. "तिला देवाचा पत्ता ठाऊक आहे. येईल कधीतरी."