पन्नासचाचांची लेक आणि विजेचा तोल

भिवंडीजवळच्या टेमघरच्या आमच्या पन्नासचाचांच्या कानाला अख्ख्या महाराष्ट्राची वीज जोडलेली होती. तारेतली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते. त्यात केसाएवढी घसरण झाली तरी आपल्या कारखान्यातल्या लुमांच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, खडखडाटात चाचांना ऐकू यायची. बशीतला चहा खाली ठेवून ते म्हणत, "नागपुरात कुणीतरी गिझर लावला." नागपूरला फोन करून खात्री करायची आमची हिंमत नव्हती. सलामाच्या उत्तरातही ते विचारत, "पन्नास हाय ना?"

असा माणूस वाऱ्यावर भरवसा ठेवणार होय? लेक शबाना इंजिनिअर झाली, साताऱ्याकडे पवनचक्क्यांच्या कंट्रोल रूममध्ये नोकरी लागली, आणि चाचांनी कारखान्यातच जाहीर केलं, "न्हाय जायचं. वारा मनाला येईल तेव्हा वाहतो. माझी पन्नास बिघडवेल." त्यानंतर बापलेकीचा अबोला. चाचा गप्प, म्हणून अख्ख्या गल्लीचे कान दुखू लागले.

शेवटी शबाना कारखान्यात आली आणि तिनं एका चालत्या लूमची मोटर बंद केली. तरी आडवं सूत नेणारा धोटा दोन-चार फेऱ्या मारून मगच थांबला.

"मोटर बंद. मग लूम कुणी चालवला, अब्बा?"

"चाकाच्या वजनानं. एवढं कळत न्हाय?"

"आमच्या पात्यांचं वजन तर ट्रकभर. वीज घसरली की फिरत्या पात्यांतला जोर आम्ही लगेच तारेत सोडतो. दुसरी केंद्रं सावरेपर्यंत तोल धरतो. कधी पाती मुद्दाम थोडी वळवून जोर राखूनही ठेवतो."

"आणि वारा पडला तर?"

"तर दुसरे हायत की. रोज तुम्ही एकटेच कुठं सगळे लूम चालवता?"

चाचांनी लूमच्या चाकावर हात ठेवला. मग म्हणाले, "बॅग भर. तिकडं थंडी असते."

पुढं दिवा मिणमिणून सावरला की चाचा छाती फुगवून सांगत, "आमच्या शबानानं हात दिला." गल्लीतला ट्रान्सफॉर्मर आगीच्या लोळासकट उडाला, तेव्हा म्हणाले, "आज तिची सुट्टी हाय."

गेल्या वर्षी चाचा गेले. त्या दिवशी गल्लीतले सगळे लूम बंद होते. भिवंडीत इतकी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. शबाना आली होती. माणसांनी भरलेल्या खोलीत दिवा एकदम मंदावला आणि पुन्हा सावरला. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

ती डोळे पुसत म्हणाली, "माझी आज सुट्टी हाय."

मग हात कुणी दिला, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.