पडायची तालीम

मंडळी, उद्या वाशिमले माझं अपंगाच्या सर्टिफिकेटचं मेडिकल आहे, अन् आज सकाळी घरात माझी पडायची तालीम झाली!

सुनेचा भाऊ आला होता. त्याले सगळं मालूम. म्हणे, "मावशी, उद्या फाटकं लुगडं नेसा. काठी घरीच ठेवा. डॉक्टरनं चालून दाखवा म्हटलं की दोन पावलावर पडा, टक्के जास्त भेटतात. घ्या, आता पडून पाहा."

मले लागू नये म्हणून सून खाली गोधडी अंथरून राह्यली होती.

मी तीन वर्साची असतानी तापात माझा एक पाय वाळून गेला. पन्नास-पंचावन सालची गोष्ट. आमच्या इंझोरी गावात तवा कायचं मेडिकल? बाबानं मले वावराच्या अरुंद धुऱ्यावरून, बांधावरून चालवलं. मी पडली की हात देत नव्हता. नुसता म्हणे, "ऊठ." त्याच पायानं मी जन्मभर बाजारात वांगे-मेथी विकली.

मी सुनेच्या भावाले म्हटलं, "लेका, न पडता चालायले मले दोन वर्सं लागले. आता पडायची शिकवणी कायले?"

उद्या मी इस्त्रीचं लुगडं नेसून, काठी टेकत जाईन. वाळलेला पाय समोरच आहे, टेप लावून मोजा म्हणा.

तुमालेबी कोणी असं पडायले शिकवून राह्यलं काय? मंग माझ्या बाबाचं ऐका. उठा.